नकार आला, म्हणजे पाकीट पोचले

माझे वडील दिग्रसला एका वकिलांकडे कारकून होते. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात परत आलेल्या रजिस्टर पाकिटांचा गठ्ठा असे. प्रत्येक पाकिटावर पोस्टमनच्या हातचा शेरा: 'घर बंद', 'पत्ता अपुरा', 'गाव सोडून गेले', 'घेण्यास नकार'. पक्षकाराच्या लेखी ही सगळी पाकिटे सारखीच. नोटीस परत आली, तिकिटाचे पैसे गेले, एवढेच त्याला दिसे. वडील मात्र शेरा वाचून पाकिटांचे गठ्ठे वेगवेगळे बांधत आणि 'घेण्यास नकार' लिहिलेले पाकीट सगळ्यांत जपून ठेवत. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २७ असे सांगते की, बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर टपालाने पाठवलेले पत्र उलट सिद्ध होईपर्यंत पोचले असेच धरायचे. आणि समोरच्याने घ्यायला नकार दिला, तर ती नोटीस बजावली गेली असे न्यायालये मानत आली आहेत. वडील म्हणत, "नकार आला म्हणजे पत्ता बरोबर होता. आता नकार कोणी देल्ला, ते पाह्य."

मी वकिलीकडे गेलो नाही, संगणक दुरुस्तीत पडलो. पण या धंद्यात मला उपयोगी पडलेली पहिली शिकवण तीच, आणि हे पुस्तक लिहायला बसलो तेव्हा सुरुवातही तिथूनच करावीशी वाटली.

विषय तसा छोटा आहे. एका संगणकावर बसून दुसऱ्या, दूरच्या संगणकाचा पडदा उघडायचा आणि तो आपल्यासमोर असल्यासारखा वापरायचा, याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. काम होते तिकडच्याच यंत्रात. तारेवरून इकडे येते ते पडद्याचे चित्र, आणि इकडून जातात त्या आपल्या कळा आणि माउसच्या हालचाली. हे जोडताना कधीकधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असा निरोप येतो. तो आल्यावर काय करायचे, एवढ्याच प्रश्नावर हे पुस्तक आहे.

एवढ्याशा प्रश्नाला पुस्तक कशाला, असे मला दोघातिघांनी विचारले. त्यांना मी दिग्रसचा बाजार दाखवतो. इथे कापसाचे जिनिंग आहे, सोयाबीनची आडत आहे, पतसंस्था आहेत, कृषी केंद्रे आहेत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि प्रत्येक दुकानातल्या टॅलीच्या संगणकाला एक दूरचा डोळा लागला. विवरण भरणारा कर सल्लागार यवतमाळला किंवा पुसदला बसतो, त्याचा सहायक कदाचित पुण्याला. विवरणाची मुदत जवळ आली की हे सगळे दिग्रसच्या यंत्रात शिरायला बघतात. ते जमले नाही की एक माणूस दारव्हा मार्गे गाडी करून येतो आणि दिवस जातो. कधी कधी दंडही बसतो. हे सगळे एका ओळीच्या निरोपामुळे होते, आणि ती ओळ वाचायला कोणी शिकवलेले नसते. एमएस-सीआयटी केलेल्या आमच्या मुलींना वर्ड, एक्सेल येते. यंत्र नाही म्हणाले तर त्याला पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे त्या कोर्समध्ये येत नाही. बँकेपासून सेवा केंद्रापर्यंत सगळ्यांसाठी आपल्याकडे एकच वाक्य आहे: "लिंक नाही." वीज गेली तरी लिंक नाही, पासवर्ड चुकला तरी लिंक नाही, तिकडचे यंत्र झोपले असले तरी लिंक नाही. त्या एका वाक्याने माणूस खिडकीवरून परत जातो, आणि दुरुस्ती करणारासुद्धा तेच वाक्य घेऊन कामाला लागतो.

आता शेऱ्यांकडे येऊ.

दोन संगणक इंटरनेटच्या पद्धतीने बोलू लागतात तेव्हा पहिला एक छोटा निरोप पाठवतो: मला जोडणी हवी, अमुक दारावर. हे दार म्हणजे पोर्ट, एक नुसता आकडा. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर ऐकतो, व्हीएनसी हा तशाच कामाचा दुसरा प्रोग्राम ५९०० वर. तिकडे त्या दारामागे कोणी ऐकत असेल तर होकार येतो, इकडून त्या होकाराची पोच जाते आणि बोलणे सुरू होते. दारामागे कोणीच ऐकत नसेल, पण यंत्र जागे असेल, तर ते यंत्र 'रीसेट' नावाचा निरोप परत पाठवते. हा नियम सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात लिहिलेला आहे. जॉन पोस्टेल यांनी तो संपादित केला. २०२२ मध्ये त्याची जागा नव्या दस्तऐवजाने घेतली, पण हा नियम तसाच राहिला. म्हणजे 'रिफ्यूज्ड' हे उत्तर आहे. आपला निरोप राऊटरमधून, तारेतून, कदाचित शंभर गावे ओलांडून एका जिवंत यंत्रापर्यंत गेला, त्या यंत्राने तो वाचला आणि 'या दारावर कोणी नाही' असे लिहून परत धाडले. पोस्टमनने पाकीट नेले, दाखवले, शेरा मारून परत आणले.

याच्या शेजारी दुसरा निरोप ठेवा: 'टाइम्ड आउट'. इथे उत्तर आलेच नाही. पाकीट गेले आणि पत्ताच नाही. यंत्र बंद असेल, राऊटर बंद असेल, वाटेत कोणी निरोप गुपचूप टाकून दिला असेल. विंडोजमध्ये पहिल्या घटनेचा आकडा १००६१ आहे, दुसरीचा १००६०. एका अंकाचा फरक, पण कामाची दिशा पूर्ण वेगळी. नकार आला असेल तर वीज, केबल, रेंज यांच्या मागे धावणे थांबवा. ते सगळे ठीक आहे, म्हणून तर नकार इथवर आला. उत्तरच आले नसेल तर आधी तेच सगळे तपासा.

आकडा दिसत नसेल तर घड्याळ पाहा. नकार एकदोन सेकंदांत येतो. विंडोज एकदोनदा पुन्हा विचारून बघते म्हणून तेवढा वेळ. उत्तर न येण्याला वीसेक सेकंद लागतात, कधी जास्तही. मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: बटण दाबल्यावर लगेच नाही म्हणाले, की गोल गोल फिरून मग म्हणाले? आणि हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण विंडोजची रिमोट डेस्कटॉपची खिडकी दोन्ही वेळा बहुधा तेच एक वाक्य दाखवते. तिकडे रिमोट प्रवेश चालू केलेला नाही, किंवा संगणक बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर नाही, अशी तीन कारणे त्यात एकत्र बांधून दिलेली असतात. पोस्टमनने सगळ्या पाकिटांवर एकच शिक्का मारावा तसे हे झाले. व्हीएनसीचा प्रोग्राम या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत तो जन्मला, आणि २००२ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाल्यावर तिथल्याच लोकांनी कंपनी काढून तो पुढे नेला. तो नकाराला नकार म्हणतो आणि वाट पाहून थकलो तर थकलो म्हणतो. यंत्राशी बोलणाऱ्या माणसाला एवढे तरी मिळालेच पाहिजे, असे माझे मत आहे.

हे सगळे मला आधीपासून कळत होते असे नाही. एका हंगामात दिग्रसजवळच्या एका जिनिंगमध्ये माझा अर्धा दिवस गेला, तो सांगतो, कारण या पुस्तकाची अर्धी प्रकरणे त्या दिवसातून निघाली आहेत.

जिनिंगच्या फाटकाजवळ वजनकाटा, तिथे एक संगणक. आवाराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिस. मुनीमजी ऑफिसात बसून व्हीएनसीने काट्याचा पडदा उघडत आणि वजने पाहून पावत्या करत. इंटरनेटचा यात संबंधच नव्हता. सगळे एका राऊटरवर, आवारातल्या आवारात. आदल्या रात्री लाइट गेली होती, पहाटे आली. सकाळी फोन आला, "भाऊ, मशीन तं चालू हाय, पण घेऊनच नाही राहिली." मी गेलो तेव्हा फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ऑफिसमधून जोडून पाहिले, लगेच नकार. पिंग करून पाहिले, म्हणजे यंत्र जागे आहे का अशी नुसती हाक मारली; उत्तर येत होते. यंत्र जिवंत आहे, दारामागे कोणी नाही, असा अर्थ मी लावला, आणि तो बरोबरही होता. म्हणून काट्याच्या संगणकावर जाऊन व्हीएनसी काढले, पुन्हा टाकले. नकार. पुन्हा काढले, पुन्हा टाकले. नकार. शेवटी फायरवॉलही बंद केली, जे मी आज कोणाला करू देत नाही. नकार तसाच. दुपार झाली. गाडीवाले उन्हात बसले होते, वजनाच्या चिठ्ठ्या एक पोरगा हाताने लिहून धावत ऑफिसात आणत होता आणि मुनीमजी एकदाही रागाने बोलले नाहीत. ते मला अजून आठवते.

मग काहीच सुचेना म्हणून मी तोच पत्ता, १९२.१६८.१.५, ब्राउझरमध्ये टाकला. पडद्यावर ऑफिसच्या प्रिंटरचे पान उघडले. टोनर किती शिल्लक आहे ते तिथे दिसत होते.

रात्री लाइट गेली तेव्हा राऊटरने कोणाला कोणता पत्ता दिला होता, ते तो विसरला. पहाटे लाइट आल्यावर प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि पहिल्यांदा रांगेत उभा राहून पाच नंबर घेऊन बसला. काट्याचा संगणक नऊ वाजता माणसाने सुरू केला. त्याला आठ नंबर मिळाला. ऑफिसचा व्हीएनसी पाच नंबरला हाक मारत होता आणि प्रिंटर नियमाप्रमाणे, तत्परतेने, खरे उत्तर देत होता की माझ्या ५९०० नंबरच्या दारामागे कोणी नाही. पाकीट पोचले होते, नकारही खरा होता, फक्त घरात राहणारा माणूस बदलला होता. 'नकार कोणी देल्ला ते पाह्य' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले होते आणि त्या दिवशी नेमके तेवढेच विसरलो होतो.

म्हणून या पुस्तकात नकार आल्यावरची पहिली पायरी उत्तर देणाऱ्याची ओळख पटवणे ही आहे. तिकडच्या यंत्रावर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता वाचून दाखवायला सांगायचा आणि आपण हाक मारतो आहोत त्याच्याशी जुळवायचा. मग त्याच यंत्रावर 'नेटस्टॅट' चालवून हवे ते दार ऐकते आहे का, ते पाहायचे. ऐकत असेल तर कोणाचे ऐकते आहे, तेही, कारण १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकणारा प्रोग्राम फक्त स्वतःच्याच घरातल्या हाका ऐकतो आणि बाहेरच्याला दार बंदच असते. विंडोजची होम आवृत्ती असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ती दुसऱ्याकडे जाऊ शकते, पण स्वतःच्या घरी रिमोट डेस्कटॉपने कोणाला घेत नाही. तालुक्याच्या दुकानांत विकले जाणारे लॅपटॉप बहुतेक होम आवृत्तीचेच असतात, म्हणून हे आधी पाहिले की अर्धा तास वाचतो.

इथे जाणकार वाचक एक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. विंडोजची फायरवॉल चालू असेल तर ती बंद दारावरून नकारसुद्धा जाऊ देत नाही, गप्प राहते. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर फायरवॉल मुळातच चालू येऊ लागली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक विंडोज यंत्रांचा स्वभाव गप्प राहण्याचा आहे. दाराशी कोण आले आहे हे न कळता आपण घरात आहोत हेसुद्धा सांगू नये, असा त्यामागचा विचार. याचा अर्थ असा की, विंडोजकडून उत्तर आले नाही म्हणून यंत्र बंदच आहे असे म्हणता येत नाही. आणि उलट, विंडोज यंत्राकडून म्हणून ताबडतोब नकार आला, तर तो खरोखर त्याच यंत्राचा आहे का, याची शंका जास्तच घ्यावी. राऊटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, प्रिंटर हे सगळे मोकळेपणाने नाही म्हणतात. जिनिंगमध्ये मला हे ठाऊक असते तर दुपार वाचली असती.

गप्प राहण्याचे आणखी एक कारण आमच्या भागात वारंवार दिसते. राऊटर बदलला की विंडोज त्या नव्या नेटवर्कला 'पब्लिक' समजते, बसस्थानकावरच्या वायफायसारखे, आणि आत येणाऱ्यांना अडवते. कालपर्यंत चालणारी जोडणी राऊटर बदलल्याच्या दिवशी थांबली, तर आधी हे पाहावे. ती निवड 'प्रायव्हेट' केली की काम होते. फायरवॉल मात्र बंद करायची नाही. फायरवॉल बंद करून जोडणी लागली की माणसाला दुरुस्ती झाली असे वाटते आणि तो घरी जातो; यंत्र मात्र पुढची काही वर्षे दार उघडे टाकून बसते. मी हे स्वतः केले आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो.

इंटरनेटवरून जोडायचे झाले तर अडचण वेगळीच. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाले आणि आमच्या गावात इंटरनेट घराघरांत आले, पण बहुतेक मोबाइल जोडण्यांना स्वतःचा असा जुन्या पद्धतीचा पत्ता मिळत नाही. शेकडो ग्राहक एका पत्त्याआड बसतात. त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये वेगळे राखून ठेवले आहेत. एका मोठ्या वाड्याचा पत्ता लिहिला, आत कोणती खोली ते लिहिलेच नाही, तसे पाकीट दारावरूनच परत येते. अशा डोंगलवर बसलेल्या संगणकाला बाहेरून थेट हाक मारता येत नाही, कितीही सेटिंग बदलले तरी. राऊटरमध्ये रात्र रात्र पोर्ट उघडत बसलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना कोणीतरी ही एक गोष्ट सांगायला हवी होती.

म्हणूनच टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क आपल्याकडे इतके रुजले. दोन्ही बाजू बाहेर पडून मधल्या एका ठिकाणी भेटतात, आत यायचा प्रश्नच राहत नाही. सोय मोठी आहे आणि धोकाही तसाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले: फोनवर कोणी गोड बोलून ॲप टाकायला लावतो, नऊ आकडे विचारतो आणि खाते रिकामे होते. आमच्या भागातल्या किती वयस्कर माणसांनी असे फोन घेतले, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आज एखाद्या दुकानात मी 'एनीडेस्क उघडा' म्हटले की समोरची काकी थबकते. ती थबकते ते योग्यच आहे. तिच्या त्या थबकण्याला वळसा घालायचा मार्ग या पुस्तकात सापडणार नाही. तिच्याच फोनवरून दुकानमालकाला विचारून मग पुढे जायचे, असे मी लिहिले आहे, आणि त्याला एक पान दिले आहे.

काही नकार यंत्रेही योग्य कारणाने देतात. मे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा सुधारणेनंतर ठिकठिकाणी रिमोट डेस्कटॉप अचानक जोडेना. एका बाजूने सुधारणा घेतली होती, दुसरीने नाही, आणि सुधारलेली बाजू जुन्या, कच्च्या पद्धतीने ओळख पटवायला नकार देत होती. तेव्हा सगळीकडे एकच उपाय पसरला, तो म्हणजे ती सुधारणा काढून टाका. खरा उपाय दुसऱ्या बाजूलाही ती सुधारणा देणे हा होता. वर्षभराने, मे २०१९ मध्ये, ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर झाली. पासवर्ड माहीत नसतानाही ३३८९ दारातून यंत्र ताब्यात घेता येईल अशी ती होती, आणि मायक्रोसॉफ्टने केव्हाच आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तिच्यावरचे ठिगळ दिले. ३३८९ जगासाठी उघडे ठेवलेले दुकान त्या आठवड्यात मला दिसले, की मी पैसे न घेता ते बंद करून येत होतो. या दाराकडे इंटरनेटवरून रात्रंदिवस कोणी ना कोणी चाचपत असते. व्हीपीएनने आत जावे. ते कसे, यावर सहावे प्रकरण आहे, आणि ते टाळून पुढे जाऊ नये अशी विनंती.

पुस्तक वाचणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवली तर बरे होईल. दूरच्या यंत्राजवळ बसलेला माणूस हा आपला डोळा असतो. बहुतेक वेळा ती वीसेक वर्षांची ऑपरेटर असते, मागे ग्राहक उभे असतात, आणि आपण फोनवर तिला घाईघाईने आकडे वाचायला लावतो. ती 'आठ' म्हणाली आणि आपण 'पाच' धरून बसलो तर चूक आपली. जिनिंगच्या त्या सकाळी काट्यावरच्या पोराने मला दोनदा सांगितले होते, "दादा, इथं आठ दिसून राहिलं." मी ऐकले नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तिकडच्या माणसाला विचारायचे प्रश्न म्हणूनच सोप्या मराठीत, मोठ्याने वाचता येतील असे दिले आहेत. ते तसेच वाचावेत आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे.

पहिल्या प्रकरणाला बसताना दोन संगणक आणि एक राऊटर जवळ हवा. एकावर व्हीएनसी टाका, दुसऱ्यावरून जोडा, मग पहिल्यावरचा प्रोग्राम मुद्दाम बंद करा आणि पुन्हा जोडून पाहा. काय लिहून येते ते वहीत उतरवा आणि किती सेकंद लागले तेही. मग त्या संगणकाची नेटवर्कची तार काढा आणि पुन्हा तेच करा. दोन्ही वेळचे सेकंद शेजारी शेजारी लिहून झाले, की पान उलटा.